वजन उचलून वीज साठवायची तर: टन-मीटरच्या हिशेबाने पद्धती कशा तोलाव्यात

दुपारी सौर वीज जास्त झाली की काहीतरी जड वर उचलून ठेवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते खाली सोडून वीज काढायची, या एकाच तत्त्वावर आज बऱ्याच पद्धती पुढे येताहेत. पाणी वरच्या धरणात चढवणं ही सगळ्यांत जुनी. शिवाय काँक्रीटचे ठोकळे रचणारी इमारत आहे, खाणीच्या विहिरीत टांगलेलं वजन आहे, उतारावरची जड रेल्वेगाडीही आहे. चित्रफितीत सगळ्याच सोप्या दिसतात. खरी तुलना करायची असेल तर त्यांना एका मापात आणावं लागतं.

आधी ३६७ हा आकडा लक्षात ठेवा

एक टन वजन ३६७ मीटर उचललं की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास ऊर्जा साठते. म्हणून सूत्र सोपं आहे: वजन टनांत, उंची मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा आणि ३६७ ने भागा. उत्तर युनिटमध्ये येतं. पाण्यासाठी तर आणखी सोपं, कारण एक घनमीटर पाणी म्हणजेच एक टन.

हे घरच्या टाकीला लावून पाहा. गच्चीवर १००० लिटरची टाकी, जमिनीपासून १२ मीटर उंच. १ × १२ ÷ ३६७ = ०.०३३ युनिट. एवढ्या छोट्या यंत्रात निम्मी ऊर्जा सहज वाया जाते, म्हणजे हाती ०.०१६ युनिट. त्यावर ९ वॅटचा एक एलईडी दिवा पावणेदोन तास चालेल. गुरुत्वाचा साठा किती विरळ असतो हे यावरून कळतं. या पद्धतीला हजारो, लाखो टन वजन लागतं किंवा शेकडो मीटर उंची लागते, आणि बहुतेक वेळा दोन्ही लागतात.

कोणताही प्रस्ताव समोर आला की तीन आकडे काढा. पहिला, एकूण टन-मीटर. दुसरा, ठरलेली वीज मिळायला दर सेकंदाला किती टन खाली यायला हवेत. तिसरा, ते वजन हलवणाऱ्या सामग्रीचा खर्च: पंप, बोगदे, दोर, क्रेन, रूळ. वजन स्वतः बहुधा स्वस्तच असतं. पैसा जातो तो ते हलवण्यात, आणि पद्धती एकमेकींपासून खऱ्या वेगळ्या होतात त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावर.

उंची मोजताना एक चूक फार होते. इमारत १२० मीटरची आहे म्हणून सगळं वजन १२० मीटर उतरेल असं धरलं जातं. खाली ठोकळे साचत जातात, वरून कमी होत जातात. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेतल्या गुरुत्वमध्यांतला फरक धरायचा. ठोकळ्यांच्या मनोऱ्यात तो उंचीच्या निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. धरणातही पाण्याची पातळी दिवसभर वरखाली होते, तेव्हा दोन्ही जलाशयांच्या सरासरी पातळ्यांतला फरक घ्या. या फरकाला अभियंते हेड म्हणतात.

पाणी: घाटघरचा हिशेब

महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण घाटघरचं. वरचं धरण अकोले तालुक्यात प्रवरेवर, खालचं चोंढ्याला, शहापूर तालुक्यात, आणि मध्ये सह्याद्रीचा कडा. भूमिगत वीजघरात १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट, २००८ पासून चालू. दोन्ही धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, भारतात या तंत्राची ही पहिली.

हेड सुमारे ४०० मीटर धरा. एक घनमीटर पाण्यात ४०० ÷ ३६७ = १.०९ युनिट. टर्बाइन, जनित्र आणि बोगद्यातली घट मिळून ९० टक्के हाती लागलं असं मानलं तर ०.९८. म्हणजे ४०० मीटर हेडला एका घनमीटरमागे जवळपास एक युनिट मिळतं. सह्याद्रीतल्या कोणत्याही प्रस्तावाचा तोंडी अंदाज घ्यायला हे प्रमाण पुरतं. २५० मेगावॅट सहा तास चालवायचे तर १५ लाख युनिट, त्यासाठी साधारण १५ लाख घनमीटर पाणी, आणि सेकंदाला सुमारे ७० घनमीटर प्रवाह.

सेकंदाला ७० टन वजन खाली येतंय, आणि ते आणायला ना क्रेन लागते ना दोर. पाणी नळीतून आपोआप वाहतं, कोणत्याही आकाराच्या जागेत मावतं, झिजत नाही, तुटत नाही. पंप स्टोरेज, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवण्याची ही पद्धत, जगभर टिकून राहिली ती याच कारणाने. अमेरिकेतल्या बाथ काउंटीत असं केंद्र ३००० मेगावॅटचं आहे, चीनमध्ये फेंगनिंगला ३६०० मेगावॅटचं, आपल्याकडे पुरुलियाला ९०० मेगावॅटचं. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाशी भिवपुरी (१००० मेगावॅट) आणि शिरवटा (१८०० मेगावॅट) प्रकल्पांचे करार केले, तेही याच पद्धतीचे.

हेड कमी झालं की काय होतं ते बघा. १०० मेगावॅट सहा तास हवे आहेत. ४०० मीटरला सुमारे ६ लाख घनमीटर पुरतात, १०० मीटरला २४.५ लाख लागतात. जलाशय चौपट, बोगद्यातला प्रवाह चौपट, यंत्रंही मोठी आणि संथ. म्हणून जागा शोधताना आधी हेड बघायचं, पाण्याचा साठा नंतर.

जागेची पहिली चाळणी घरी बसून होते. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या, त्यात २० मीटरच्या समोच्च रेषा असतात. वरचं पठार आणि खालचं खोरं निवडा, दोन्हींच्या उंचीतला फरक आणि आडवं अंतर मोजा. अंतराला हेडने भागा. ४०० मीटर हेडला २००० मीटर अंतर असेल तर भागाकार ५, फार छान. १० च्या वर गेला की बोगद्याचा खर्च, त्यातलं घर्षण आणि दाबाचे धक्के तिन्ही वाढतात, आणि जागा सहसा सोडून द्यावी लागते.

पुढची चाळणी खडकाची. आपला बेसॉल्ट दिसायला भक्कम असतो, पण दोन लाव्हाथरांमध्ये तांबड्या मातीचा मऊ थर सापडतो आणि उभ्या डाइकही, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, खडक चिरत जातात. बोगदा अशा थराला कापतो तिथे पाणी झिरपतं किंवा छत ढासळतं. कोअर ड्रिलिंग, म्हणजे खोल भोक पाडून खडकाचे नमुने काढणं, न करता दिलेला खर्चाचा आकडा मानू नका.

वीजघर किती खोल न्यायचं हाही खर्चाचा मोठा भाग. तेच यंत्र टर्बाइन म्हणून चालतं आणि उलटं फिरवलं की पंप होतं. पंप असताना त्याच्या तोंडाशी पाण्याचा पुरेसा दाब नसेल तर वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना पात्यांचा धातू कुरतडतात. ते टाळायला यंत्र खालच्या जलाशयाच्या किमान पातळीखाली कित्येक मीटर बसवतात. जास्त हेडच्या प्रकल्पात ही खोली पन्नास मीटरच्या आसपास जाते. खालच्या धरणाच्या काठावर वीजघर उभं करू, खर्च वाचेल, असं कोणी सुचवलं तर आधी हा प्रश्न विचारा.

सौर विजेसाठी आणखी एक बारकावा आहे. स्थिर वेगाचं यंत्र पंप करताना जवळपास पूर्ण भारच घेतं. १२५ मेगावॅटचा पंप ढग आला म्हणून ६० मेगावॅटवर आणता येत नाही, चालू किंवा बंद एवढंच. टिहरीच्या १००० मेगावॅटच्या पंप स्टोरेजमध्ये बदलत्या वेगाची यंत्रं घेतली आहेत, ती पंपाचा भार कमी-जास्त करू शकतात. सौर-पवनाशी जोडायच्या प्रकल्पात सगळे नसले तरी काही संच तसे असावेत.

एकूण परतावा ७५ ते ८० टक्के धरावा. ७५ टक्के असेल तर चार युनिट घालून तीन मिळतात. पंपाची वीज ३ रुपयांनी घेतली तर विकायच्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये नुसत्या विजेचेच झाले. कर्जाचे हप्ते आणि देखभाल त्यावर.

काय बिघडू शकतं याचा मोठा धडा अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या टॉम सॉकचा. डोंगरमाथ्यावर बांध घालून केलेला वरचा जलाशय १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे फुटला. पाणीपातळी मोजणाऱ्या संवेदकांच्या नळ्या जागेवरून सुटल्या होत्या, त्यामुळे पातळी खरीपेक्षा कमी दिसत होती. पंप थांबवणारे राखीव संवेदक जास्त वर लावलेले होते. आणि जलाशयाला सांडवा नव्हता. पंप चालूच राहिले, पाणी बांधावरून ओसंडलं, बांध खचला आणि ४० लाख घनमीटरहून जास्त पाणी अर्ध्या तासाच्या आत खाली गेलं. नंतर तो रोलरने दाबलेल्या काँक्रीटचा नव्याने बांधला, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला. यातून घ्यायची खबरदारी छोट्या शेततळ्यालाही लागू आहे: पातळी मोजायला दोन वेगळ्या तत्त्वांची साधनं ठेवा, आणि पंप चुकून चालू राहिला तरी जादा पाणी सुरक्षित जाईल असा सांडवा ठेवाच.

कोकणच्या कड्यांवर समुद्राचं पाणी चढवण्याची कल्पना अधूनमधून मांडली जाते. जपानमध्ये ओकिनावाला असा ३० मेगावॅटचा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद झाला. खाऱ्या पाण्यामुळे तिथे नळी फायबरची घ्यावी लागली आणि वरच्या तळ्याला रबरी अस्तर व गळती शोधणारी यंत्रणा लावावी लागली. आपल्याकडच्या सच्छिद्र जांभ्यावर अस्तर फाटलं तर खालच्या विहिरी खाऱ्या होतील. त्या धोक्याचा खर्च हिशेबात धरा.

ठोकळे, विहीर, रूळ

चीनमध्ये रुडोंगला ठोकळ्यांची इमारत उभी राहिली आहे, २५ मेगावॅट आणि १०० मेगावॅट-तास क्षमतेची. १०० मेगावॅट-तास म्हणजे एक लाख युनिट, म्हणजे ३.६७ कोटी टन-मीटर. सरासरी १०० मीटर उतार सढळ हाताने धरला तरी ३.६७ लाख टन वजन हवं. २५ टनांचा एक ठोकळा १०० मीटर उतरला की ६.८ युनिट देतो. २५ मेगावॅट पुरवायचे तर तासाला सुमारे ३६७० ठोकळे उतरायला हवेत, म्हणजे साधारण सेकंदाला एक. सेकंदाला दोन मीटर वेगाने उतरणारा ठोकळा ४९० किलोवॅट देतो, तेव्हा एकाच वेळी निदान ५१ ठोकळे उतरत असायला हवेत. शिवाय पकडणं, आडवं सरकवणं, ठेवणं आणि रिकामी पकड वर नेणं या वेळात वीज मिळत नाही, म्हणून उचलयंत्रं त्याहून पुष्कळ जास्त लागतात. प्रत्येकाला ब्रेक, दोर, मोटर, संवेदक आले. एवढ्या हलत्या भागांची रोजची देखभाल हाच या पद्धतीचा खरा खर्च, आणि माझ्या मते हाच तिचा कच्चा दुवा.

खाणीच्या विहिरीतलं वजन ही जरा वेगळी गोष्ट. ५०० टन वजन आणि १००० मीटर खोली घ्या: १३६२ युनिट. सेकंदाला एक मीटर सोडलं तर ४.९ मेगावॅट, पण फक्त सतरा मिनिटं. सेकंदाला दहा सेंटीमीटर सोडलं तर ४९० किलोवॅट, पावणेतीन तास. साठा तोच राहतो, फक्त ताकद आणि वेळ यांची अदलाबदल होते. एडिनबर्गजवळ लीथला ग्रॅव्हिट्रिसिटी कंपनीने २०२१ मध्ये १५ मीटरच्या मनोऱ्यावर २५ टनांची दोन वजनं लावून २५० किलोवॅटची चाचणी केली. त्यातला साठा फार तर दोन युनिट, अर्ध्या मिनिटाचा. पण वीज एका क्षणात देता-घेता येते हे त्यातून दिसलं. ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता क्षणोक्षणी सांभाळायला हे उपयोगी आहे, रात्र काढायला नाही.

दोराचा हिशेब इथे सोडू नका. ५० मिलिमीटरचा पोलादी दोर मीटरला साधारण १० किलो भरतो, म्हणजे १००० मीटरचा १० टन. तो सुमारे १७५ टनांना तुटतो. सुरक्षेचा गुणक ५ धरला तर ३५ टन पेलायचे, त्यातले १० टन दोराचेच. उरले २५. म्हणजे ५०० टनांना असे २० दोर, आणि सगळ्यांवर ताण सारखा राहायला हवा. तो असमान झाला की एक दोर आधी थकतो आणि त्याचा भार बाकीच्यांवर जातो. बिघाडाची हीच साखळी सर्वांत धोक्याची.

कोलार गोल्ड फील्ड्सच्या खोल खाणी भारतात आहेतच, मग त्या का वापरू नयेत? २००१ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पाणी भरत गेलं. भरलेल्या विहिरीत काँक्रीटचं वजन टाकलं तर पाण्याची उद्धारक शक्ती त्यातलं ४० टक्क्यांहून जास्त वजन खाऊन टाकते, कारण काँक्रीटची घनता २.४ आणि पाण्याची १. पाणी उपसत राहिलं तर उपसायलाच वीज जाते. जुन्या विहिरीची पाहणी करताना पाणीपातळी, भिंतींची अवस्था आणि विहीर खरंच सरळ उभी आहे का, हे तिन्ही आधी तपासा. नुसत्या साठ्यासाठी नवी विहीर खणणं परवडत नाही.

रेल्वेचा हिशेब थोडक्यात. नेवाडातल्या पाहरंपला ५० मेगावॅट, १२.५ मेगावॅट-तासाच्या अशा मार्गाची आखणी झाली, म्हणजे पूर्ण ताकदीने पंधरा मिनिटं. उतार जितका तीव्र तितकं बरं. बोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. तसा उतार घेतला तर ४०० मीटर उंचीला १५ किलोमीटर रूळ लागतील, आणि टनाला दोन किलो घर्षण धरलं तरी चढताना ७ टक्के आणि उतरताना ७ टक्के जातील. ८ टक्के उतारावर हेच घर्षण अडीच टक्क्यांवर येतं, पण तिथे पोलादी चाक पोलादी रुळावर घसरण्याच्या सीमेजवळ असतं. पावसात तर आणखी.

शेतावर करायचं झालं तर

डोंगरउतारावर दोन शेततळी, मध्ये ४० मीटरचा फरक, दिवसा सौर पंपाने पाणी वर आणि रात्री खाली सोडून वीज. हा प्रश्न वारंवार विचारला जातो, म्हणून आकडे पुरे मांडतो.

३० × ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंचा उतार १:१ असलेल्या तळ्यात सुमारे २२०० घनमीटर पाणी मावतं. तळाचा गाळ आणि काठाची मोकळी जागा सोडून वापरण्याजोगं १८०० धरा. १८०० × ४० ÷ ३६७ = १९६ युनिट. मोटर, पंप आणि पाइप मिळून ५५ टक्के धरले तर चढवायला ३५७ युनिट लागतात. उतरताना पुन्हा ५५ टक्के, हाती १०८ युनिट. परतावा ३० टक्के. एक किलोवॅटच्या पॅनेलमागे दिवसाला चार युनिट धरले तर रोज ३५७ युनिटसाठी सुमारे ९० किलोवॅटची पॅनेल लागतील. लिथियम बॅटरीतून तेवढेच १०८ युनिट काढायला ३० ते ३२ किलोवॅट पुरतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: एवढ्या लहान प्रमाणात पाण्यातून परत वीज काढू नका. तळी आधीच खोदलेली असतील आणि पॅनेलची वीज एरवी वाया जात असेल, तरच विचार करा.

तरीही करायचं ठरलं तर पाइप आधी ठरवा. १० किलोवॅटसाठी सेकंदाला ४६ लिटर लागतात. २०० मीटर लांबीच्या पाइपचा आतला व्यास १५० मिलिमीटर घेतला तर घर्षणात साडेसात मीटर हेड जातं, २०० घेतला तर पावणेदोन. एचडीपीई पाइपचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, म्हणून आतला व्यास विचारून घ्या. झडप झटकन बंद केली तर दाबाचा धक्का ५० मीटर हेडच्या आसपास बसतो, मूळच्या ४० वर. म्हणून पाइप १० किलो दाबाचा घ्या आणि झडप वीस सेकंद घेऊन फिरवून बंद होणारी ठेवा, खटकन पडणारी नको.

टर्बाइन म्हणून साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालतो, पण त्याला पंप म्हणून असलेल्या हेडच्या साधारण दीडपट हेड आणि सव्वा ते दीडपट प्रवाह लागतो. ४० मीटरच्या जागेला ४० मीटरचा पंप लावला तर तो नीट चालत नाही. २५ ते २८ मीटर हेडचा, सेकंदाला ३३ ते ३५ लिटरचा पंप बघा. भार अचानक सुटला की तो बेफाम पळतो आणि व्होल्टेज चढून उपकरणं जळतात. जादा वीज हीटरमध्ये वळवणारा लोड कंट्रोलर लावल्याशिवाय सुरू करू नका.

याहून फार चांगला मार्ग म्हणजे पाणी वर नेऊन पाण्यासाठीच वापरणं. ठिबकला एक किलो दाब, म्हणजे १० मीटर उंची पुरते. फिल्टर आणि पाइपमधली घट धरून तळं शेतापेक्षा १५ ते २० मीटर उंच असेल तर रात्री वीज नसतानाही ठिबक चालतं. जनित्र नाही, दुसऱ्यांदा होणारी घट नाही. तळ्याला ५०० मायक्रॉनचं अस्तर, पंपाच्या पाइपला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), तळाच्या गाळापासून अर्धा मीटर वर घेतलेलं पाण्याचं तोंड आणि ठिबकआधी वाळूचा व जाळीचा फिल्टर. उन्हाळ्यात तळ्यातून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून सुमारे सहा घनमीटर. शंभर दिवसांचे ६०० घनमीटर झाले. ते पेरणीच्या नियोजनातून आधीच वजा करा.